तुलनेला काय ठेवाल?

१२ मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर वरळीला बेवारस सोडलेल्या मारुती गाडीची नोंदणी तपासत पोलीस माहीमच्या अल् हुसैनी इमारतीत पोहोचले. ज्यांच्या नावावर गाडी होती त्या मेमन कुटुंबाच्या घरात त्यांना एका स्कूटरची किल्ली मिळाली. दादरला नायगाव क्रॉस रोडवर स्फोटकं भरलेली एक स्कूटर न फुटता उभी राहिली होती. किल्ली तिला लागली. माहीमचं घर आणि नायगावचा रस्ता यांच्यातला दुवा तिथे पक्का झाला आणि पुढच्या तपासाची दिशा ठरली.

न्यायसहायक विज्ञान शिकू पाहणाऱ्यांना ही हकिगत आवडते, कारण तिच्यात शंकेला जागा नाही. किल्ली लागते किंवा लागत नाही. प्रयोगशाळेत येणारा बहुतेक मुद्देमाल मात्र किल्लीसारखा नसतो. चपलेच्या तळाला चिकटलेली वाळू असते, शर्टावरचा रंगाचा कण असतो, चिठ्ठीवरच्या चार ओळी असतात. तपासणारा भिंगाखाली बघून म्हणतो, ‘जुळते’. कोर्टातला वकील, त्याला विषय समजत असेल तर, एकच प्रश्न विचारतो: आणखी किती ठिकाणची वाळू अशीच जुळली असती? या प्रश्नाला उत्तर नसेल तर ‘जुळते’ हा शब्द पोकळ आहे. हे उत्तर कुठल्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकात सापडत नाही, कारण ती पुस्तकं लिहिणारा माहीमच्या किनाऱ्यावर कधी वाकलेला नसतो.

पदवीच्या वर्गात असताना स्वतंत्रपणे संशोधन प्रकल्प करू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे पुस्तक आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्हाला गुन्हा सोडवायचा नाही. गुन्हा सोडवणाऱ्याला ज्या मोजमापांची गरज पडते आणि जी बहुधा कुणी घेऊन ठेवलेली नसतात, ती तुम्हाला घ्यायची आहेत. हे काम दुय्यम नाही. माझ्या मते आपल्याकडे या शास्त्राची सर्वांत कच्ची बाजू हीच आहे, आणि ती भरून काढायला महागडं यंत्र लागतंच असं नाही.

अशा प्रकल्पांची चर्चा आत्ता वाढण्याला कारणं आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणं अपेक्षित आहे. त्याच्या तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची सवड दिली आहे. इतकी माणसं कुठून आणायची हा प्रश्न उघडच आहे. दुसरीकडे नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथं वर्ष जोडलं आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना संशोधनासह ऑनर्सची वाट खुली केली. मुंबईत शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था २००९ पासून आहे. कालिन्याची न्यायसहायक प्रयोगशाळा त्याहून खूप जुनी, १९५८ ची. तिच्या माजी संचालक डॉ. रुक्मिणी कृष्णमूर्ती यांच्यासारख्यांनी १९९३ च्या स्फोटांपासून तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यापर्यंतची प्रकरणं हाताळली. मुलं या वाटेला येतात ती मात्र बहुधा ‘सीआयडी’ मालिकेतल्या डॉ. साळुंखेंना बघून. त्यांच्या परीक्षानळीत काही सेकंदांत रंग बदलतो आणि खुनी सापडतो. त्यात वाईट काही नाही. कुणी जहाजांच्या गोष्टी वाचून नौदलात जातो. फक्त पहिल्या महिन्यात तो भ्रम उतरायला हवा.

तो उतरतो कालिन्याच्या फाटकाशी. प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन विद्यार्थी जातो आणि म्हणतो, मला दोन-चार खऱ्या केसचे नमुने द्या. मिळत नाहीत, आणि मिळू नयेत. मुद्देमाल कोर्टाचा असतो. तो वापरून संपवण्याचा हक्क कुणालाही नाही, शिकणाऱ्याला तर मुळीच नाही. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात अजूनही ज्याला ‘सीए रिपोर्ट’, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, म्हणतात, त्या कागदामागे एखाद्याचं पुढचं सगळं आयुष्य असतं. या नकारानं खचून पुष्कळ जण तयार विषयांकडे वळतात, आणि तिथेच प्रकल्प मरतो.

तयार विषय कोणते ते सगळ्यांना ठाऊक आहे. वर्गातल्या शंभर जणांच्या बोटांचे ठसे घ्यायचे आणि रक्तगटाशी त्यांचा संबंध लावायचा. ओठांच्या ठशांवरून मुलगा की मुलगी ते सांगायचं. हळद, कुंकू, गुलाल, मैदा यांनी काचेवरचे ठसे उठवायचे. हळदीने ठसा उठतो. हे आता इतक्यांदा सिद्ध झालं आहे की हळदीलाही कंटाळा आला असेल. रक्तगटाच्या प्रकल्पाची अडचण वेगळी आहे. समजा थोडासा संबंध आढळलाही, तर त्याचा उपयोग काय? घटनास्थळी चक्राकार ठसा मिळाला म्हणून तपास अधिकारी ‘ओ’ गटाच्या माणसांच्या मागे लागणार नाही. विषय निवडताना मी एकच कसोटी लावायला सांगतो: हे उत्तर मिळालं तर प्रयोगशाळेतला कोणता माणूस कोणतं वाक्य वेगळं लिहील? ते वाक्य सांगता येत नसेल तर विषय बदला.

स्थानिक माहिती गोळा करण्याची परंपरा या शहराला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात ग्रँट मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे आणि मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक असलेले आय. बी. लायन यांनी हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकाचं पुस्तक लिहिलं. इंग्लंडातल्या ग्रंथांना धोत्र्याचं फारसं कारण नव्हतं. इथे प्रवाशांना धोत्रा चारून लुटणाऱ्यांना होतं. लायन यांनी इथल्या प्रकरणांचे दाखले देत पुस्तक उभं केलं. पुढे १९२० मध्ये जयसिंग मोदींचा ग्रंथ आला. तो आजही वकिलांच्या कपाटात असतो, आणि त्याचं बळही इथल्या मृतदेहांवरच्या, इथल्या हवेतल्या निरीक्षणांत आहे. आपण बाहेरून आणलेलं शास्त्र आपल्या मातीवर तपासून घेण्याचं काम या दोघांनी केलं. मातीवर हा शब्द मी इथे अक्षरशः वापरतो आहे, कारण या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग मातीबद्दलच आहे.

माहीम परिसर त्यासाठी फार चांगला आहे. थोड्या चालण्याच्या अंतरात इतकी वेगवेगळी माती सापडणारी जागा मुंबईत शोधावी लागेल. मिठी नदीच्या मुखाशी खारफुटीतला काळा, कुजकट वासाचा चिखल. किल्ल्याच्या पायथ्याशी दगडांमध्ये अडकलेली भरड वाळू. कोळीवाड्यापुढच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचे तुकडे, जाळ्यांचे नायलॉनचे धागे आणि मासळीचे खवले. पुढे हिंदुजा हॉस्पिटलमागचा किनारा, तिथून शिवाजी पार्कची चौपाटी. हे नैसर्गिक वाटतं, पण सगळं तसं नाही. याच किनाऱ्यावरचं रेती बंदर हे नाव काय सांगतं? इथे बांधकामाची रेती बोटींतून उतरत असे. म्हणजे या किनाऱ्यावरचा प्रत्येक कण याच समुद्राने आणला असं धरून चालणार नाही.

शिवाजी पार्कच्या मैदानाची लाल माती हा त्याहून गमतीचा प्रकार. मुंबईचा पाया काळ्या बेसाल्टचा. ती लाल माती बाहेरून ट्रकने आली आणि उन्हाळ्यात उडून आसपासच्या घरांत जाते, म्हणून रहिवाशांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. आता समजा, एखाद्याच्या बुटाला लाल धूळ लागली आहे. तो शिवाजी पार्कवर गेला होता का? की फक्त कॅडल रोडवरून चालला? की त्याच जातीची लाल माती टाकलेल्या दुसऱ्या एखाद्या क्रिकेटच्या मैदानावर, एखाद्या तालमीच्या हौद्याशी, कोकणातल्या गावी? तोंडाने ‘लाल’ म्हणणं सोपं आहे. मैदानापासून किती अंतरापर्यंतच्या खिडक्यांवर ती धूळ साचते हे मोजणं हा एका विद्यार्थ्याचा पूर्ण वर्षाचा प्रकल्प आहे, आणि मी त्याला आनंदाने मार्गदर्शन करीन.

पद्धत अवघड नाही. नमुना वाळवायचा, वेगवेगळ्या जाळीच्या चाळण्यांतून गाळायचा, प्रत्येक थराचं वजन करायचं. कोरडा रंग आणि ओला रंग प्रमाणित रंगपट्टीशी ताडून लिहायचा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून फसफस बघायची. शिंपल्यांचं चूर्ण असेल तर बुडबुडे येतात, बेसाल्टच्या कणांना येत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे, गोलसर किती आणि टोकदार किती. खाडीच्या चिखलात डायटम ही सिलिकेच्या कवचाची एकपेशीय शैवालं भेटतील. गोड्या, खाऱ्या आणि मचूळ पाण्यातल्या त्यांच्या जाती वेगळ्या असतात. बुडून मेलेल्या माणसाच्या हाडांच्या मज्जेत डायटम शोधण्याची चाचणी जुनी आहे आणि तिच्यावर वादही तितकेच जुने आहेत. त्या वादात उतरण्याआधी माहीमच्या खाडीत भरतीला कोणत्या जाती असतात, ओहोटीला कोणत्या आणि मिठीला पूर आल्यावर कोणत्या, याची यादी हाताशी हवी.

आणि मग तो हिशेब, जो बहुतेक प्रकल्पांत नसतो. वीस ठिकाणचे नमुने घेतलेत तर त्यांच्या १९० जोड्या होतात. प्रत्येक जोडी तुमच्या पद्धतीने वेगळी ओळखता येते का ते बघा. समजा १९ जोड्या ओळखता आल्या नाहीत, तर या वीसांतून डोळे मिटून उचललेले दोन नमुने सारखेच दिसण्याची शक्यता दहा टक्के. हा आकडा छोटा आहे की मोठा, याचं उत्तर खटल्यावर अवलंबून राहील. पण आता ‘जुळते’ म्हणणाऱ्याच्या हातात काहीतरी आहे. नमुने तीस केले की जोड्या ४३५ होतात. इथे मुलं घाबरतात. घाबरू नये, संध्याकाळी बसून होतं.

जर्मनीत गेओर्ग पॉप यांनी १९०८ मध्ये एका खुनाच्या तपासात संशयिताच्या बुटावरचे मातीचे थर एकावर एक कसे बसले आहेत ते पाहिलं आणि त्यावरून तो कोणत्या क्रमाने कुठे गेला हे मांडलं. त्यांना ते जमलं कारण त्यांनी आसपासच्या जागांची माती घेऊन ती तुलनेला ठेवली होती. ही हकिगत सांगताना लोक बुटाबद्दल बोलतात, आसपासच्या जागांबद्दल कुणी बोलत नाही.

माश्यांबद्दल थोडक्यात. मृतदेहावर वाढणाऱ्या अळ्यांवरून मृत्यूनंतरचा काळ काढताना तापमान सर्वांत महत्त्वाचं ठरतं, आणि परदेशी तक्ते बहुधा थंड हवेतले असतात. क्रायसोमाया वंशातल्या निळ्या-हिरव्या माश्या आपल्याकडे सर्रास आढळतात. मे महिन्यात आणि जुलैच्या झडीत त्यांची वाढ किती वेगाने होते हे बाजारातून आणलेल्या बोकडाच्या कलेजीवर पाहता येतं. फक्त हा प्रयोग घराच्या गॅलरीत करू नका. सोसायटीच्या सेक्रेटरींशी न्यायसहायक विज्ञानावर वाद घालून कुणी जिंकलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

अक्षरांचा विषय मात्र मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. हस्ताक्षर तज्ज्ञांचं बहुतेक साहित्य रोमन लिपीवर उभं आहे. तिथे अक्षरं एकमेकांना कशी जोडली जातात याला वजन असतं. देवनागरीत आधी अक्षरं काढून मग शिरोरेषा ओढणारे, प्रत्येक अक्षरावर तुकडा तुकडा रेष देणारे आणि रेषच न देणारे असे लोक आहेत. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ वेगळे, ‘श’चंही तसंच. २००९ च्या शासन निर्णयाने या अक्षरांची रूपं ठरवून दिली, म्हणजे आधी शिकलेले आणि नंतर शिकलेले यांच्या वळणांत फरक असण्याला कारण आहे. माहीम-दादरमध्ये मराठी शाळेत शिकलेले आजोबा, इंग्रजी शाळेतली नात आणि उत्तरेतून आलेला दुकानदार एकाच रस्त्यावर भेटतात. त्यांच्या हातची एकच ठरावीक ओळ, एकच पेन आणि एकसारखा कागद देऊन गोळा केली, तर कोणतं वैशिष्ट्य दुर्मीळ आहे आणि कोणतं निम्म्या लोकांत आढळतं हे कळेल. धमकीच्या चिठ्ठीत सापडलेलं वैशिष्ट्य जर निम्म्या दादरमध्ये असेल, तर ते कोर्टात सांगायच्या लायकीचं नाही. लोकांची लेखी संमती घ्या, नावं काढून टाका, कॉलेजच्या नीतिमत्ता समितीला आधी दाखवा. खारफुटीत उतरायचं असेल तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाला विचारा. हे सोपस्कार म्हणून करू नका. पुढे तज्ज्ञ म्हणून साक्षीला उभे राहाल, तेव्हा उलटतपासणीत पहिले प्रश्न याच धर्तीचे असतील.

आता थोडं आपल्याच डोळ्यांविषयी. २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे स्फोटांनंतर एफबीआयने अमेरिकेतल्या ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचा ठसा जुळल्याचं सांगितलं आणि त्याला अटक झाली. ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला. दोन वर्षांनी संशोधक इतिएल ड्रॉर यांनी पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळवलेले ठसे पुन्हा दाखवले आणि हे मेफिल्ड प्रकरणातले ठसे आहेत असं सांगितलं. पाचांपैकी चौघांनी आपलं मत बदललं. ठसे तेच, माणसं तीच, फक्त सोबतची गोष्ट वेगळी. २०११ मध्ये अमेरिकेत १६९ तज्ज्ञांची चाचणी झाली, त्यात खोटं जुळवण्याचं प्रमाण ०.१ टक्के आणि खरं जुळणारं नाकारण्याचं प्रमाण ७.५ टक्के निघालं. ठसेशास्त्र वाईट नाही, असंच हे आकडे सांगतात. पण ते अचूकही नाही. म्हणून तुमच्या प्रकल्पात नमुन्यांवर आकडे टाकण्याचं काम मित्राला द्या, त्याची यादी बंद पाकिटात ठेवा आणि निकाल लिहून झाल्यावरच ते पाकीट उघडा. आपणच गोळा केलेली किल्ल्याजवळची वाळू आपल्याला नेहमी ‘किल्ल्याजवळची’ वाटते.

शेवटचा मोठा मुद्दा नोंदींचा, आणि त्यासाठी पुन्हा माहीमलाच यावं लागतं. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, त्यांतला एक माहीमला. १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाचांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडलं. निकालामागे अनेक कारणं होती. त्यांतलं एक आपल्या विषयाचं आहे: जप्त केलेल्या स्फोटकांसारख्या वस्तू प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत नीट ताब्यात आणि नीट सीलबंद होत्या हे सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात जाण्याची गरज नाही असंही सांगितलं. खटल्याच्या खऱ्याखोट्यात मी शिरत नाही. मला दिसतं ते असं की, प्रयोगशाळेचं रसायनशास्त्र कितीही पक्कं असलं तरी लाखेचं सील, पंचांच्या सह्या आणि मुद्देमालाच्या वहीतली ओळ यांच्याशिवाय ते न्यायालयाच्या दारातून आत जात नाही.

विद्यार्थ्यांना मी सांगतो की तुमच्या वाळूच्या पिशवीलाही तोच मान द्या. कुठून, कोणत्या दिवशी, किती वाजता, भरती की ओहोटी, किती खोलीवरून, कुणी उचलली, कुणाच्या कपाटात ठेवली, कुणी कधी उघडली. पानं बांधलेल्या वहीत, शाईने, खाडाखोड केली तर एक रेघ मारून बाजूला सही. सुट्या कागदांवर आणि फोनच्या नोट्समध्ये नको. गाईड सर किंवा मॅडम त्या वहीवर दर आठवड्याला सही करतील अशी सवय सुरुवातीलाच लावून घ्या. वर्षअखेरीला एकदम बावन्न सह्या घेण्याचा प्रकार मी पाहिलेला आहे, आणि त्या सगळ्या एकाच पेनाच्या असतात. हस्ताक्षराच्या प्रकरणासाठी तो एक चांगला नमुना आहे, एवढंच त्याचं मोल.

पुस्तकातली प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. ज्यांच्याकडे फक्त शाळेतला सूक्ष्मदर्शक आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे, त्यांनी मातीपासून सुरुवात करावी. माश्यांचं प्रकरण हाती घेणाऱ्यांनी तापमानाची नोंद ठेवायला एप्रिलपासून लागावं, म्हणजे पावसाळ्याआधी एक पूर्ण फेरी होईल. ज्यांचे नमुने एकमेकांपासून वेगळे ओळखता आले नाहीत त्यांनी तो निकाल तसाच छापावा, जागांची नावं आणि तारखांसह, आणि नमुन्यांचा उरलेला अर्धा भाग सीलबंद करून कॉलेजात ठेवावा. पुढच्या वर्षी येणाऱ्याला त्याच वीस जागी पुन्हा जायचं आहे.